शंकरप्पा हयात आहेत

"तुमची प्रभा करते काय?" असं कुणी विचारलं, की यशोदाबाई पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "मार्गदर्शन करते." हा शब्द त्यांनी स्वतः शोधून काढला होता आणि त्यावर त्यांचा भारी जीव होता. पुढचा प्रश्न यायच्या आत त्या समोरच्याला चहा विचारून मोकळ्या व्हायच्या.

खरं सांगायचं तर सोलापुरात, नव्या पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत बसून प्रभा बी.एड.च्या विद्यार्थ्यांना पैसे घेऊन लिहून द्यायची. निबंध म्हणा, ट्यूटोरियल म्हणा, पाठांची टाचणं म्हणा, ज्याला जे लागेल ते. उद्या वर्गात उभं राहून 'आपलं आपण लिहा' असं पोरांना दटावणारी माणसं इथं जिना चढून गुपचूप यायची. याचा कुणाला राग येत असेल तर खुशाल यावा. पण त्याआधी ती माणसं बघायला हवी होती. खेड्यातल्या हायस्कुलात पाच-सात वर्षं घसा कोरडा करून शिकवलेली, लेकराबाळांची, घरची शेती सांभाळून आलेली. संस्थेनं एक दिवस सांगितलं, पदवी आणा नाहीतर घरी बसा, आणि ही बापडी वळकटी घेऊन सोलापुरात येऊन पडली. दिवसभर शिकवा म्हटलं तर शिकवतील. चार पानं लिहा म्हटलं की यांना घाम फुटायचा.

प्रभाची कामाची एक तऱ्हा होती. आलेल्या माणसाचं ती आधी माप घ्यायची. म्हणजे कागद-पेन लांब ठेवून त्याला नुसतं बोलतं करायची. गाव कुठलं, शाळा कशी, हेडमास्तर छळतात का, बायको काय म्हणते. त्याचं बोलणं कानात पुरतं बसलं, की मग त्याच्या तोंडी शोभेल असं लिहायची. अडत्याच्या मुलाच्या निबंधात हिशेबीपणा यायचा, कीर्तनकाराच्या जावयाच्या निबंधात पाल्हाळ यायचं. चुकासुद्धा ती ज्याच्या त्याच्या मापाच्या घालायची. एकानं तर हात जोडून सांगितलं होतं, "ताई, पयला वर्ग नको, संशय येतो. दुसरा वर्ग बसंल असं शिवा." मग त्यानं ते आपल्या अक्षरात उतरवून घ्यायचं आणि तिचे कागद तिला परत द्यायचे. ते दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात जायचे. यशोदाबाईंच्या आंघोळीचं पाणी वर्षानुवर्षं शिक्षणशास्त्रावर तापत होतं.

ती स्वतः बी.एड.ला जाऊन अर्ध्यात परत आलेली होती. वर्ष अर्धं झालं होतं, तेवढ्यात यशोदाबाई जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. वडील नारायणराव नगरपालिकेत कारकून होते. प्रभा नऊ वर्षांची असताना विषमज्वरानं गेले. आई हिंडूफिरू लागेपर्यंत कॉलेज लांब राहिलं होतं. आता तिशी उलटली होती. शेकडो पाठांची टाचणं तिच्या हातून झाली असतील, पण वर्गावर ती एकदाही उभी राहिली नाही. हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही, इतकंच.

कदाचित म्हणूनच या सगळ्या कामात तिला व्यक्तिअभ्यास फार आवडायचा. बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं सराव पाठांच्या शाळेतलं एक अडचणीतलं मूल निवडायचं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याच्या घरी जायचं, कारण शोधायचं आणि उपाय सुचवायचा, असा तो प्रकार. करत कुणीच नसे. सगळे प्रभाकडे यायचे आणि प्रभा मूल तयार करायची. खडू खाणारा मुलगा, दुसऱ्याचे डबे लपवणारी मुलगी, गणिताच्या तासालाच पोट दुखणारा एक. त्यांना ती नावं द्यायची, घर द्यायची, पावसात भिजलेली दप्तरं द्यायची. कागद बंबात गेले की दोन दिवस तिला चुकल्यासारखं व्हायचं.

कुंडलिक त्या साली आला, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात. मोहोळजवळच्या एका गावातला, उंच, काटक, मान खाली घालून बोलणारा. प्रभा त्याच्यापेक्षा लहान, तरी तो तिला ताई म्हणायचा. तो कधी मोकळ्या हातानं आला नाही. कधी करडईची भाजी, कधी शेंगा, आणि संक्रांतीच्या सुमाराला हुरडा, तोही कोवळा निवडून. त्याच्या गावच्या संस्थेच्या अध्यक्षांचा एक भाचा बी.एड. होऊन घरी बसलेला होता. कुंडलिक यंदा पास झाला नाही तर त्याच्या जागेवर भाचा बसणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. "ताई, माजी सारजा म्हनती, नापास झालात तर शेतात या, पन तोंड पाडून येऊ नका," असं तो सांगायचा आणि हसायचा, पण हसणं डोळ्यांपर्यंत जायचं नाही.

त्याच्या व्यक्तिअभ्यासासाठी प्रभानं एक मुलगी तयार केली. पाचवीतली, मागच्या बाकावर बसणारी. वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. आधी बोलकी होती. वडील तापानं गेले आणि तिचं बोलणं थांबलं. आई लोकांकडे कपडे शिवते. मुलगी चिंध्यांच्या बाहुल्या करते आणि त्यांच्याशी मात्र बोलते. नाव ठेवलं कमल. लिहून झालं तेव्हा प्रभाचे डोळे भरून आले होते. कुंडलिकनं ते दोनदा वाचलं. मग तो ते उतरवून घ्यायला खोलीवर घेऊन गेला आणि आठवड्यानं कॉलेजात देऊन आला.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठून फार दिवस झाले नव्हते. एका सोमवारी संध्याकाळी कुंडलिक जिना चढून आला तो हात हलवत. हुरडा नाही, शेंगा नाहीत. यशोदाबाईंनी ते बघितलं आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखून चहाला आधण ठेवलं.

"ताई, घात झाला," तो दारातच म्हणाला. "वैरागकरबाई त्या पोरीच्या घरी गेल्या."

वैरागकरबाई म्हणजे कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक. व्यक्तिअभ्यास त्याच तपासायच्या.

"कुठल्या पोरीच्या?" प्रभा म्हणाली.

"आपल्या की. अभ्यासातल्या."

"अहो, ती कुठून असणार? ती मी बसून लिहिली."

कुंडलिकनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपीकडं बघत सांगितलं, "ताई, मी नाव बदललं."

झालं होतं ते असं. उतरवून घेताना कुंडलिकचा हात त्या 'कमल'पाशी अडला. सगळं दुसऱ्याचं लिहिलेलं. निदान नाव तरी खरं असावं, सरकारी कागदावर खोटं माणूस कसं घालायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याच्या सरावाच्या वर्गात, पाचवीत, मागच्या बाकावर खरंच एक मुलगी गप्प बसायची. मायाक्का तिचं नाव. त्यानं कमलच्या जागी मायाक्का लिहिलं आणि त्याला बरं वाटलं. बाकीचं एक अक्षर बदललं नाही.

"बाईंनी वाचून डोळं पुसलं म्हनं," कुंडलिक सांगू लागला. "शाळेतनं पत्ता घेतला. काल रविवारी सकाळी रिक्षा करून गेल्या. संगं लेकीचं दोन फ्रॉक, केळी, अन् गरीब विद्यार्थी निधीचा फारम. दार वाजवलं. दार शंकरप्पानं उघडलं."

"शंकरप्पा कोण?"

"तिचा बाप."

"तिला वडील नाहीत," प्रभा ठामपणे म्हणाली. "मी लिहिलंय ना!"

"तुमी लिवलंय, ताई. पन हाय. चांगला मिशावाला हाय. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर हाय. शनवारी रातच्याला येतो, सोमवारी पहाटंच्या गाडीनं जातो."

यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. वैरागकरबाईंना पहिल्यांदा वाटलं, हा मुलीचा काका असावा. त्यांनी मायेनं सांगितलं, की तुमचे भाऊ गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. कुठला भाऊ, असं तो म्हणाला. मायाक्काचे वडील, असं या म्हणाल्या. मग जे झालं ते गल्लीनं ऐकलं. 'माझ्याच दारात येऊन मला मी मेलो म्हनून सांगतीय' असं म्हणत शंकरप्पा रस्त्यावर आला होता. बाईंनी केळी तिथंच ठेवली आणि फ्रॉक घेऊन त्या परत फिरल्या.

"आज मला बोलावलं," कुंडलिक म्हणाला. "वरडल्या न्हाईत. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हनल्या, येत्या सोमवारपातुर त्याच पोरीचा खरा अभ्यास करून आना. सोता बघून, सोता लिवून. न्हाईतर मी सही करनार न्हाई." सही नाही म्हणजे परीक्षेला बसायचं नाही. आणि परीक्षा नाही म्हणजे भाचा.

"माझं नाव विचारलं का हो?" प्रभानं हळूच विचारलं.

"न्हाई. अन् इचारलं असतं तरी मेलो असतो, पन घेतलं नसतं."

"नको बाबा," यशोदाबाई आतून म्हणाल्या. "एकाला मारलंय तेवढं पुरे."

"पन तुमच्यासाठी निरोप दिलाय," कुंडलिक चाचरत म्हणाला. "म्हनल्या, चार वर्सं मी हे अभ्यास वाचतीय. अक्षर दर येळंला निराळं, पन पोरं सगळी एकाच घरातली वाटत्यात. एकाचा बी बाप जित्ता न्हाई. लिवून देनाराला म्हनावं, एकदा तरी एखाद्या लेकराचा बाप जगवून बघा."

चहा गार झाला. प्रभा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खडू खाणारा तो मुलगा. डबे लपवणारी ती. पोट दुखणारा तो. एकेक करून तिनं सगळी पोरं आठवून बघितली, आणि बाईंचं खरं होतं. कुणाचा बाप तापानं गेला होता, कुणाचा विहिरीत, कुणाचा नुसताच 'दिवंगत'. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. मूल का कोमेजतं याचं तिला ठाऊक असलेलं कारण एकच होतं, आणि दर वेळी तिचा हात आपसूक त्याच कारणाकडं जायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली आणि प्रत्येकाला आपलाच झगा चढवला, हे कळल्यावर तिला लाज वाटली आणि रडूही आलं.

"रविवारी मी येते तुमच्याबरोबर," ती वळून म्हणाली. "त्या माणसाला मारलं मी, तर माफीही मीच मागायला हवी."

शंकरप्पाचं घर बाळीवेशीच्या मागं एका चिंचोळ्या गल्लीत होतं. रविवारी ही दोघं गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा पाच-सहा पोरी लंगडी खेळत होत्या आणि त्यातली एक, दोन घट्ट वेण्यांची, कन्नडमध्ये अशी काही भांडत होती, की समोरच्या तिघींना तोंड उघडायला फट मिळत नव्हती. तिचं कुंडलिककडं लक्ष गेलं. नळ बंद करावा तसा आवाज बंद झाला. ती एका पायावरच उभी राहिली.

"हीच मायाक्का," कुंडलिक प्रभाच्या कानाशी म्हणाला.

दारात शंकरप्पा दाढी करत बसला होता. अर्ध्या गालावर साबण, मिशा खरोखरच भरघोस. कुंडलिकला तो ओळखत नव्हता. पण धोतर-कोट आणि पडलेलं तोंड बघून समजायचं ते समजला. "तू मास्तर व्हय?" वस्तरा तसाच हातात ठेवून तो उठला. कुंडलिक दोन पावलं मागं सरकला आणि प्रभा पुढं झाली.

"त्यांचा दोष नाही. ते मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "तुमची माफी मागायला आले आहे."

बाईमाणसानं दारात येऊन माफी मागितल्यावर शंकरप्पाची पंचाईत झाली. रागाला जागा राहिली नाही आणि तो सोडवतही नव्हता. आतून त्याच्या बायकोनं "बर्री, कुंद्री," या, बसा, असं म्हणत दोघांना घरात घेतलं, घोंगडी टाकली आणि वैरागकरबाईंचीच उरलेली, आता काळी पडलेली केळी पुढं ठेवली. शंकरप्पानं तोंड धुतलं, मिशा पुसल्या आणि समोर बसला.

"मी मेलो कशानं, ते तर सांगा," तो म्हणाला.

"तापानं," प्रभा खाली बघत म्हणाली.

"तापानं? मी?" त्याला मेल्यापेक्षा हे जास्त लागलेलं दिसलं. "कारखान्यात इचारा जाऊन. थंडीतापाची रजा शंकरप्पानं कधी घेतलं न्हाई. इंजिनाखाली सापडलो म्हनून लिहिलं असतं तर एक गोष्ट वेगळी."

त्याची बायको कन्नडमध्ये काहीतरी बोलली आणि हसली. शंकरप्पालाही हसू आवरेना, पण लगेच त्याचा चेहरा बदलला. तो कुंडलिककडं वळला.

"ते ऱ्हाऊ द्या. त्या बाई दुसरंबी एक बोलल्या. माझी पोर शाळंत बोलत न्हाई म्हनं. ते तर खोटं हाय की? घरात ही गप बसावं म्हनून शेजारी येऊन सांगतात."

कुंडलिकनं मान हलवली. "ते खरं हाय. बोलत न्हाई."

"कानडी हाय म्हनून?"

"न्हाई, मराठी समजतं तिला. वहीत सगळं बरूबर असतं. पन बोलत न्हाई."

कन्नड शाळेतून काढून मुलीला शंकरप्पानं मुद्दाम मराठी शाळेत घातलं होतं, पुढं नोकरीला बरं पडेल म्हणून. आठवड्यातले सगळे दिवस तो कुर्डुवाडीला. घरी यायचा तेव्हा पोर तोंडाचा पट्टा थांबवायची नाही. शाळेत तिचं हे असं आहे हे त्याला वैरागकरबाईंच्या तोंडून, मेल्यावर कळलं होतं. "माया," त्यानं हाक मारली, "इकडं ये."

मायाक्का येऊन बापाला चिकटून उभी राहिली.

"काय गं, शाळंत बोलत न्हाई तू?"

तिनं कुंडलिककडं बघितलं आणि ओठ मिटून घेतले. प्रभाला राहवेना. तिनं मुलीचा हात धरला नाही की गोड आवाज काढला नाही; कुणाचंही माप घेताना बसायची तशी नुसती बसली आणि म्हणाली, "मघाशी कशावरून भांडत होतीस?"

"ती रेषेवर पाय दिली," मायाक्का चटकन म्हणाली, "अन् न्हाई दिलो म्हनती."

"आणि शाळेत कुणी असं केलं तर?"

"शाळंत बोलायचं न्हाई."

"कुणी सांगितलं असं?"

मायाक्कानं बोट दाखवलं. सरळ कुंडलिककडं.

"मी?" कुंडलिक म्हणाला. "मी कवा सांगितलं, बाळ?"

"दिवाळीच्या आधी. पाठाच्या दिवशी. मला अन् शेवंतीला मागं बसवला. म्हनला, आज पाठ बघायला मानसं येनार हायेत, तुमी गप बसायचं, हात वर करायचं न्हाई." ती एका दमात बोलली. "मग परत बोल म्हनून कोन सांगितलंच न्हाई."

सरावाचे पाठ असेच होतात, हे प्रभाला आणि कुंडलिकला चांगलं ठाऊक होतं. तपासायला प्राध्यापक येणार असले, की हुशार चार पोरं पुढं बसवायची, त्यांना प्रश्न आधी सांगून ठेवायचे, आणि अडखळणाऱ्यांना मागं नेऊन गप्प करायचं. प्रभाच्या टाचणांत तर 'अपेक्षित उत्तर' असा रकानाच असायचा. त्यात आलेली सुरेख उत्तरं कुणाच्या गप्प बसण्यावर उभी असतात, हा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता. शेवंती विसरून दुसऱ्या दिवशी बोलायला लागली असणार. मायाक्का आज्ञाधारक होती.

कुंडलिकचा चेहरा बघवत नव्हता. त्याला तो पाठ आठवत होता, मिळालेली शाबासकी आठवत होती. मागं कुणाला बसवलं ते आठवत नव्हतं. तो घोंगडीवरून उठला आणि मुलीसमोर उकिडवा बसला, उंच माणूस तिच्या उंचीचा झाला.

"माजं चुकलं, माये," तो म्हणाला. "आता बोलत जा. हात वर कर. कायबी येऊ दे, बोल."

मायाक्कानं विचार केला. "पाठाच्या दिवशीबी?"

कुंडलिकचा शेवटचा पाठ मार्चमध्ये याच वर्गावर होता. बाहेरगावचे परीक्षक येणार होते आणि त्या एका पाठावर निम्मं पास-नापास अवलंबून होतं. प्रभाला वाटलं, आता हा काहीतरी गोलमाल बोलेल. आपण असतो तर बोललो असतो.

"पाठाच्या दिवशीबी," कुंडलिक म्हणाला.

निघताना शंकरप्पा गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला. राग कुठल्या कुठं गेला होता, पण एक खुटखुट त्याच्या मनात राहिलेली होती. "ताई, एक इचारू का? मला ताप कुठनं दिला तुमी? एवढी दुखनी असतात."

प्रभा थांबली. "माझे वडील तापानं गेले," ती म्हणाली. "मी तिच्याच एवढी होते. मीही मग शाळेत बरेच दिवस बोलले नाही. मला वाटलं, गप्प मूल म्हणजे असंच असणार."

शंकरप्पानं मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजी तुमच्या वडलांचा ताप मला दिला," तो म्हणाला. "बरं. दिला तर दिला. आमाला काय झालं न्हाई." आणि मग कुंडलिकला दम भरला, "पन नव्या कागदावर मी जित्ता हाय म्हनून लिहा. पयल्या ओळीत."

परत येताना कुंडलिक दोनदा म्हणाला, "ताई, मी सांगतो, तुमी नुसतं लिवून द्या." दोन्ही वेळा प्रभानं नाही म्हटलं. घरी आल्यावर तिनं त्याला खिडकीपाशी बसवलं, पुढ्यात कागद ठेवले आणि स्वतः यशोदाबाईंबरोबर तांदूळ निवडायला बसली. तांदळाला खडा नव्हताच. पाठीमागं पेन कुरकुरत होतं, थांबत होतं, कुंडलिक उसासे टाकत होता. इतकं अवघड काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

दिवस कलला तेव्हा त्यानं उभं राहून वाचून दाखवलं.

"'मुलीचे वडील श्री. शंकरप्पा हे हयात आहेत व त्यांची प्रकृती उत्तम आहे. मुलगी घरी व गल्लीत पुष्कळ बोलते. वर्गात बोलत नाही. कारण, पाठाच्या दिवशी मी तिला गप्प बसण्यास सांगितले होते व नंतर बोलण्यास सांगण्याचे माझ्याकडून राहून गेले. उपाय. सांगितले.'"

आणखी दीड पान होतं, पण मजकूर एवढाच. वाक्यं ओबडधोबड होती, एकाला दुसऱ्याचा आधार नव्हता. प्रभाचे हात शिवशिवत होते.

"काय दुरुस्त करू, ताई?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुमच्या मापाचं आहे."

वैरागकरबाईंनी सही केली. मार्क यथातथाच दिले, समासात काही लिहिलं नाही. पण त्या वर्षापासून प्रभाकडे व्यक्तिअभ्यासासाठी जो येई, त्याला ती जिन्यावरूनच विचारायची, "पोर बघून आलात का?" नाही म्हटलं की परत पाठवायची. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. यशोदाबाई म्हणाल्या, आता खरं मार्गदर्शन सुरू झालं आणि आता उपाशी मरायची वेळ येणार. तशी काही आली नाही.

मार्चमध्ये शेवटचा पाठ झाला. दुपारचं ऊन रस्त्यावर मावत नव्हतं. प्रभानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि जिन्यावर पाऊल वाजलं की ती उठत होती. अखेर कुंडलिक आला. कोट खांद्यावर, सदरा घामानं ओला, काखेत नकाशाची गुंडाळी. चेहऱ्यावरून काही कळेना.

"कसा झाला?"

"पार पडला, ताई," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. मग पाणी पिऊन त्यानं सगळं सांगितलं. भूगोलाचा पाठ, जिल्ह्यातल्या नद्या. पुढं हुशार चौघं तयार होती, उत्तरं पाठ करून आलेली. परीक्षक मागं, भिंतीला खुर्ची लावून बसलेले. यानं विचारलं, भीमा नदी कुठून येते? पुढं चार हात वर झाले. आणि मागं, परीक्षकांच्या खुर्चीला लागून, पाचवा.

तो जेमतेम, काठावर पास झाला आणि भाच्याला दुसरीकडं नोकरी बघावी लागली, हे पुढं निकाल लागल्यावर कळायचं होतं. त्या दुपारी त्याला किंवा प्रभाला काहीच ठाऊक नव्हतं.

"मग?" प्रभा म्हणाली. "पुढच्याला उठवलंत ना?"

"शब्द दिला हुता की. तिलाच उठवलं."

"काय सांगितलं तिनं?"

"कुर्डुवाडीहून."

यशोदाबाई आतून हसत बाहेर आल्या. प्रभा हसली नाही. त्या मुलीच्या घरी येण्यासारखं जे जे होतं ते कुर्डुवाडीहूनच यायचं, दर शनिवारी.

"वर्ग हसला असेल."

"हसला तर. परीक्षक बी हसलं." कुंडलिकनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि वर बघितलं, आणि या वेळी त्याचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं होतं. "चुकलं, ताई. साफ चुकलं. पन काय मोठ्यानं सांगितलं!"